लोकरीचं दुकान थंडीवर चालत नाही

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरला स्वेटर लागतो तो फार तर दीड-दोन महिने. दिवाळी उलटली की पहाटेचा गारठा जाणवायला लागतो, संक्रांतीनंतर तो ओसरतो आणि होळीच्या आत पंखे पुन्हा फिरू लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो. अशा गावात लोकरीचं दुकान टाकायचं म्हटलं तर घरातली थोरली माणसं पहिल्यांदा हेच विचारणार, की उरलेले दहा महिने काय विकणार? शंका रास्त वाटते. पण मराठवाड्यात लोकर कोण आणि कशासाठी घेतं हे नीट पाहिलं, तर त्या शंकेतला जोर निघून जातो.

पोळ्यापासून सुरुवात करू. श्रावण अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात बैलवाला घरधनी बाजारात येतो तो गोंडे, माथोटी, मोरकी, शिंगांचे शेंबे, रंग घ्यायला. तयार माल हल्ली नायलॉनचा आणि प्लॅस्टिकचा येतो, तरी हातानं गोंडे बांधणारे अजून आहेत आणि त्यांना लाल, पिवळी, हिरवी, गडद गुलाबी लोकर लागते. ती नाजूक असण्याची गरज नसते. रंग उठून दिसला आणि पावसाच्या सरीत तो बैलाच्या अंगावर उतरला नाही, की गिऱ्हाईक खूश.

पोळा झाला की चार दिवसांत गणपती, आणि त्यांच्या मागोमाग महालक्ष्म्या. गौरींना मराठवाड्यात याच नावानं बसवतात. त्यांच्यासमोरचं तोरण, आसन, पडद्याची झालर, बाळकृष्णाचा अंगरखा अशी कितीतरी कामं क्रोशाच्या सुईवर होतात. लग्नसराई आली की रुखवत. रुखवतातल्या वस्तूंची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत. लोकरीचा पोपट, लोकरीची द्राक्षं, लोकरीचा झोका असं सगळं हॉलच्या कोपऱ्यात मांडलेलं असतं आणि पाहुणे हसत फोटो काढतात. दुकानदारानं मात्र हसू नये. हा माल भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये उठतो, म्हणजे नेमका स्वेटरची आठवणही कुणाला होत नाही तेव्हा.

बाळंतविड्याला तर हंगामच नाही. बाळ कोणत्याही महिन्यात जन्मतं आणि आजी त्याच्यासाठी टोपरं, मोजे, कुंची विणायला बसते, बाहेर ४२ अंश का असेना. पांढरा, फिका गुलाबी, आकाशी आणि लिंबाचा पिवळा हे चार रंग त्यामुळे दुकानात कधीच संपू द्यायचे नसतात.

शहरातल्या माणसाच्या ध्यानात सहसा न येणारं गिऱ्हाईक तांड्यावरून येतं. नांदेड जिल्ह्यात बंजारा वस्ती मोठी. आरसे, कवड्या आणि लोकरीचे गोंडे यांच्यावाचून बंजारा भरतकाम पुरं होत नाही. रोजच्या वापरातून असं भरतकाम केलेला पोशाख बराच मागे पडलाय, पण लग्नात आणि सणात तो अंगावर येतोच. तांड्यावरची बाई रंगाच्या बाबतीत तडजोड करत नाही. तिला हवा तो लाल दाखवा, नाहीतर ती पायरी उतरली. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासासाठी एकेक गुंडा न्यायला आलेली पोरं हिशेबात किरकोळ, पण त्यांच्याबरोबर आया येतात आणि आया पुन्हा येतात.

बारा महिन्यांत गिऱ्हाईक येतं ते असं. थंडी हे त्यातलं एक कारण, आणि सगळ्यात मोठंही नाही.

आता मालाकडे वळू. ‘लोकर’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक सगळं मेंढीच्या अंगावर कधीच नव्हतं. ते ॲक्रिलिक. खनिज तेलातून निघणारा प्रॉपिलिन वायू आणि अमोनिया यांच्यापासून ॲक्रिलोनायट्राइल होतं, त्याचा बहुवारिक करून तंतू ओढतात. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं १९५०मध्ये ‘ऑर्लॉन’ या नावानं तो बाजारात आणला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गाच्या विणकामातून मेंढी जवळजवळ हद्दपार झाली. आपल्याकडे असा तंतू गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला आणि पंजाबात संगरूरला तयार होतो, तर हातविणकामाच्या धाग्याची मोठी पेठ लुधियाना. वर्धमान, ओसवाल, गंगा ही गुंड्यांच्या पट्टीवरची नावं तिकडचीच.

गिऱ्हाइकाला शंका आली तर दाखवायला सोपी परीक्षा आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवायचा. खरी लोकर नाखुशीनं पेटते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक भसकन पेटतं, वितळत जळतं आणि मागे कडक काळा मणी ठेवतं. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. या परीक्षेतून जी एक गोष्ट कळते ती प्रत्येक दुकानदारानं न विचारता सांगावी, असं माझं मत आहे: लोकरीचं तोरण समईच्या वर टांगू नका, आणि लोकरीची कुंची घातलेलं बाळ घेऊन चुलीपाशी बसू नका.

पण तेलातून निघालेला धागा मेंढीसारखा फुगीर आणि उबदार लागतो कसा? कारखान्यात दोन तऱ्हेचे तंतू एकत्र कातलेले असतात. एक आधी ताणून ठेवलेला, उष्णता लागली की आखडणारा. दुसरा आखडून मोकळा झालेला. कातलेल्या धाग्याला वाफ दिली की पहिला आकसतो, दुसऱ्याला सरळ राहायला जागा उरत नाही, आणि तो बाजूंना वाकून धाग्याबाहेर फुगे काढतो. या फुग्यांत अडकलेली हवा म्हणजे ऊब. व्यापारात या मालाला ‘हाय बल्क’ म्हणतात. स्वेटरवर कडक इस्त्री का फिरवू नये याचंही उत्तर इथेच मिळतं. इस्त्रीखाली ते वाकलेले तंतू मऊ पडून चपटे होतात, विणीचा जीव जातो, कापड लोंबायला लागतं आणि पुन्हा काही केल्या उभारी धरत नाही. अशा स्वेटरची तक्रार घेऊन बाई दुकानात येते तेव्हा दोष धाग्याला लागतो, म्हणून हेही विकतानाच सांगून मोकळं व्हावं.

ॲक्रिलिकला कसर लागत नाही, ही त्याची मोठी सोय. खऱ्या लोकरीच्या दुकानदाराची निम्मी काळजी त्यामुळे वाचते. शिवाय ते पाणी फार कमी धरतं. दमट हवेत खरी लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषते, ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. पावसाळ्यात वजनावर विकताना हा फरक ध्यानात येतो. उलट बाजू अशी, की कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यात स्थिर वीज साठते आणि गावातली सगळी धूळ गुंड्यांवर येऊन बसते. पारदर्शक डब्यांचा खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण धुळकटलेला पांढरा रंग कुणीच घेत नाही. उंदरांना मात्र ॲक्रिलिक आणि लोकर यांतला फरक कळत नाही. घरटं दोन्हींचं उत्तम होतं.

आणि यात एक गंमत आहे, म्हटलं तर थोडी बोचणारी. देगलूरच्या चहूबाजूंनी मेंढरांचे कळप फिरतात. दख्खनी मेंढी काटक, ऊन सोसणारी, पण तिची लोकर राठ. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो. मेरिनोचा तंतू २४च्या आत असतो आणि दख्खनीचे बरेचसे केस तिशीच्या पलीकडे जातात. म्हणून तिच्या लोकरीचं घोंगडं होतं, चिंचोक्याची खळ दिलेलं, पाऊस अंगावर झेलणारं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत अशी घोंगडी आजही दिसतात. पण बाळाचं टोपरं त्या लोकरीचं होत नाही.

कापसाचंही तेच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात निघालेला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण १९८०च्या दशकापासून दूरदूरच्या शेतांत गेला. उदगीरला खादी विणली जाते आणि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या नांदेडच्या केंद्रात त्या खादीचा राष्ट्रध्वज शिवला जातो. म्हणजे सूत कातायचं आणि विणायचं ज्ञान इथे आहे, कापूस इथे आहे, मेंढरू इथे आहे. आणि देगलूरच्या बाईच्या सुईवर चढणारा धागा लुधियानाहून येतो. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. एकसारखा पीळ, पक्का रंग आणि साठ छटा गिरणीलाच जमतात. मात्र उन्हाच्या गावात क्रोशाचा सुती धागा ॲक्रिलिकपेक्षा शहाणपणाचा आहे, हे दुकानदारानं ओळखावं. टेबलावरचा रुमाल, पिशवी, लहान मुलीचं झबलं यांना सुतीच बरा. तो घाम शोषतो आणि धुतला की मऊ पडतो.

दुकानातली खरी डोकेदुखी रंगाची. गुंड्याच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत दुसरा एक आकडा, ‘लॉट’चा. एका वेळी एका हंड्यात रंगलेला माल म्हणजे एक लॉट. ॲक्रिलिकला लागणारे रंग एका ठरावीक तापमानापर्यंत धाग्यात शिरतच नाहीत, आणि ती पातळी ओलांडली की एकदम धाव घेतात. त्या थोड्या अंशांच्या टप्प्यात हंडा जरा लवकर तापला किंवा जरा उशिरा, तर छटा बदलते. गुंडे शेजारी ठेवले तर डोळ्याला कळतही नाही. विणलं की कळतं. पाठ आणि पुढा एका मरून रंगाचे, आणि बाह्या दुसऱ्याच.

आणि गिऱ्हाईक काय करतं? आधी चार गुंडे नेतं. “बघू, लागले तर नेऊ आणखी.” तीन आठवड्यांनी येतं तोवर तो लॉट संपलेला. ‘पूर्ण स्वेटरची लोकर एकदम घ्या, उरली तर पट्टी न काढलेला गुंडा परत घेईन’ हे वाक्य दुकानदारानं पाठ करावं, कारण त्याच्याइतकं भांडण टाळणारं दुसरं काही नाही. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४०० ते ६०० ग्रॅम लागतात, बाळाच्या स्वेटर-टोपरं-मोज्यांना दीडशे-दोनशे. हा अंदाज तोंडावर असला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. जुन्या विणणाऱ्या बायका रंग ट्यूबच्या उजेडात ठरवत नाहीत. “जरा बाहेर नेऊन बघते” म्हणून गुंडा घेऊन ओट्यावर जातात. त्यांचं बरोबर आहे. दोन छटा दिव्याखाली एक दिसतात आणि उन्हात वेगळ्या. दुकान घेताना भाडं बघावं तसा दारातला उजेडही बघावा.

सुयांचाही एक घोळ आहे. आपल्याकडे विणायच्या सुया जुन्या इंग्रजी क्रमांकानं ओळखतात आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १४ नंबर म्हणजे २. हे उलटं वाटतं, पण त्याचं मूळ तारेच्या कारखान्यात आहे. तार जितक्या वेळा भोकातून ओढावी तितकी ती बारीक होत जाते, आणि नंबर त्या ओढीचा. आजी ‘दहा नंबर’ मागते. मोबाइलवर पाहून शिकलेली नात मिलिमीटरमध्ये मागते. निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यात होणाऱ्या ‘पोनी’ सुया गावोगाव मिळतात. त्यांचा दोन्ही मापांचा तक्ता गल्ल्याच्या मागे चिकटवून टाकला की रोजची दहा मिनिटं वाचतात. क्रोशातही आजीला साखळी, मुका खांब, खांब, जोडखांब येतो आणि नातीला ‘सिंगल’, ‘डबल’. त्यात अमेरिकेतला ‘सिंगल’ म्हणजे इंग्लंडातला ‘डबल’. व्हिडिओ बघून केलेला रुमाल टोपीसारखा वर आला, तर कारण बहुधा हेच असतं.

भांडवलाचं गणित कागदावर मांडून पाहू. एका जाडीची लोकर साठ रंगांत ठेवायची आणि प्रत्येक रंग एकेक किलो धरला, तर साठ किलो. घाऊक भाव समजा ५०० रुपये किलो धरला तर ३० हजार. बाळाच्या कामाची बारीक लोकर वेगळी ठेवावीच लागते, म्हणजे आणखी तेवढेच. सुती धागा, सुया, क्रोशे, मणी, बटणं, टिकल्या, फळ्या, डबे, काटा, पाटी आणि दुकानाचं डिपॉझिट यात अजून आलंच नाही. मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंतचं असतं, ते निव्वळ लोकरीलाही पुरत नाही. त्यापुढच्या ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. आणि साठ रंगांपैकी खपतात किती? लाल, पांढरा, पिवळा, काळा, राणी, बाटलीचा हिरवा आणि बाळाचे चार रंग यांच्यावर दुकान चालतं. बाकीचे पन्नास रंग फळीवर बसून असतात. ते ठेवले नाहीत तर दुकान ओकंबोकं दिसतं आणि गिऱ्हाईक नांदेडच्या वजिराबादची वाट धरतं. ठेवले तर पैसा अडकतो. यावर मला तरी पक्का तोडगा दिसत नाही. न खपणाऱ्या रंगांचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे मिश्र पुडे करून पोळ्याला गोंड्यांसाठी आणि शाळेच्या पोरांसाठी काढणं, एवढाच काय तो उपाय.

माल आणायचा कुठून? देगलूरला रेल्वे नाही. नांदेड सुमारे ८० किलोमीटरवर, हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग १६१च्या वाटेवर. हैदराबादचा बेगम बाजार घाऊक खरेदीला सोयीचा. लुधियानाचा माल मागवला तर तो ट्रान्सपोर्टनं येतो आणि भाडं वजनापेक्षा आकारमानावर जातं, कारण लोकर हलकी आणि जागा खाणारी. नवख्यानं पहिलं वर्ष बेगम बाजारावर काढावं. तिथे हातात घेऊन लॉट बघता येतो, आणि न खपलेला रंग बदलून द्यायला व्यापारी एखाद वेळी राजी होतो.

देगलूरसारख्या राज्याच्या सीमेवरच्या गावाला करातली एक बारकाई ठाऊक असलेली बरी. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि लोकरीचं छोटं दुकान त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. तेलंगणातल्या मदनूरची किंवा कर्नाटकातल्या औरादची बाई देगलूरच्या दुकानात येऊन लोकर घेऊन गेली, तर ती विक्री महाराष्ट्रातलीच. पण तिनं फोन केला आणि तुम्ही पुडकं बांधून बसमध्ये ठेवलंत, की ती आंतरराज्य विक्री होते, आणि आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची. कंपोझिशन योजना घेतलेल्या दुकानदाराला तर परराज्यात माल पाठवताच येत नाही. तेलंगणातल्या बोधनच्या गिऱ्हाइकाला माल पाठवण्याआधी म्हणूनच कर सल्लागाराला विचारावं. एक चांगली गोष्ट अशी, की २२ सप्टेंबर २०२५पासून कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला खरेदीवरच्या कराचा परतावा मिळत नाही, त्यामुळे ही कपात थेट त्याच्या खिशात पडते. बाकी कागदपत्रं फार नाहीत. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते, उद्यम नोंदणी फुकट होते, आणि पाटी मराठीत देवनागरीत हवी. सुट्या वजनावर विकणार असाल तर काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का वेळच्या वेळी मारून घ्यायचा.

दुकान टाकणाऱ्या बहुतेकींच्या मनात एक दुसरा बेतही असतो. गावातल्या बायकांकडून स्वेटर विणून घेऊ, विकू, त्यांनाही दोन पैसे मिळतील. हेतू चांगला. हिशेब मात्र टोचतो. दहा सेंटीमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी अशी साधी वीण धरा. १०० सेंटीमीटर घेर, ६० सेंटीमीटर उंची आणि दोन बाह्या मिळून साडेनऊ हजारांपर्यंत चौरस सेंटीमीटर भरतात, म्हणजे टाके पन्नास हजारांच्या वर. सराईत बाई मिनिटाला २५ टाके घालते असं मानलं तरी निव्वळ विणायलाच ३४-३५ तास लागतात. शिवण, गळा, काठ निराळे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरून त्याच दरानं मोजलं तर एका स्वेटरची मजुरीच १,३०० रुपयांच्या पुढे जाते, लोकर सोडून. बाजारात टेबलावर ढीग लावून विकला जाणारा यंत्राचा स्वेटर याच्या कितीतरी खाली असतो. मग कापायचं कशात? लोकरीचा भाव ठरलेला, दुकानाचं भाडं ठरलेलं. कात्री बाईच्या मजुरीवर चालते.

हे आंध्रात शंभर वर्षांहून अधिक काळ घडत आलं आहे. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. ती परदेशी जाऊ लागली, व्यापारी मोठे झाले. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२मध्ये पुस्तक लिहिलं. तिथे जगाच्या बाजारासाठी तासन् तास विणणारी बाई ‘घरी बसून फावल्या वेळात’ काम करणारी गृहिणी म्हणून मोजली जात होती, आणि म्हणून तिला मजुराइतकेही पैसे देण्याची गरज कुणाला वाटत नव्हती. आपल्याकडे ‘ती रिकामीच असते, विणते काहीतरी’ असं सहज म्हटलं जातं, तेव्हा भाव तोच पडलेला असतो. दुकानदार बाईनं विणून घ्यायचंच असेल तर स्वेटरच्या फंदात न पडता बाळाचे मोजे, टोपरी, तोरणं, देवाची वस्त्रं अशी दोन-चार तासांत उरकणारी कामं घ्यावीत. त्यांना यंत्राची स्पर्धा कमी, आणि तासाचा भाव गिऱ्हाइकाला सांगताना संकोच वाटत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग या धंद्यात सुख कसलं? सुख आहे, आणि ते गल्ल्यापेक्षा बाकावर जास्त आहे. लोकरीच्या दुकानात एक लाकडी बाक लागतोच. दुपारी दोन ते चार या वेळात, बाजार पेंगत असताना, त्यावर येऊन बसणाऱ्या बायकांपैकी एखादीच काही विकत घेते. बाकीच्या अडलेलं काम घेऊन येतात. “काखेतले टाके कमी करायचे कसे?” “ही जाळी तिरकी का जातेय?” देगलूरच्या बाकावर हे प्रश्न मराठीत, तेलुगूत, कन्नडात आणि दखनी उर्दूत एकाच दुपारी ऐकू येऊ शकतात, आणि उत्तराला भाषा लागत नाही, सुया हातात घेऊन ओळ काढून दाखवली की झालं. लिहिता-वाचता न येणारी बाई नमुन्याचा चार बोटांचा तुकडा उलट-सुलट करून बघते आणि जशीच्या तशी वीण उचलते. ते बघायला मिळतं हीसुद्धा या धंद्याची कमाई आहे, असं मला वाटतं.

त्याचा व्यवहारात उपयोगही आहे. मोबाइलवर लोकर स्वस्तात मिळते, हे खरं. पण उसवलेले टाके पुन्हा सुईवर घेऊन देणारं माणूस त्या पुडक्यात येत नाही. जी अडली ती बाकावर येते, आणि बाकावर आलेली दुसऱ्या कामाची लोकर इथूनच नेते. २०२०च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या कॉलेजच्या मुली व्हिडिओ पाहून क्रोशा शिकल्या. त्यानंतर लोकरीची छोटी खेळणी, किल्ल्यांचे गोंडे, कधी न सुकणारी फुलं यांची लाट आली. तिशीच्या आतलं हे गिऱ्हाईक जुन्या दुकानांना नवीन होतं. त्यांना आजीचे चार रंग नको असतात. त्यांना मातकट गुलाबी, शेवाळी, मधाळ पिवळा हवा असतो, म्हणजे फळीवर बसून राहणाऱ्या त्या पन्नासांतलेच काही रंग. उधारी मात्र तिशीच्या आतल्यांनाही देऊ नये आणि पलीकडच्यांनाही.

ज्या ताई देगलूर, मुखेड, बिलोली किंवा उदगीरला असं दुकान टाकायच्या विचारात आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या वर्षी निव्वळ लोकरीचं दुकान टाकू नका. ब्लाउज पीस, मॅचिंग, बटणं-लेस यांच्या चालत्या दुकानात एक भिंत लोकरीची करा, तीस रंगांनी सुरुवात करा आणि कोणता रंग कोणत्या महिन्यात गेला याची वही ठेवा. आणि मुहूर्त दिवाळीचा धरू नका. आषाढात नवं काम सुरू करत नाहीत, तो महिना माल भरायला आणि लॉट तपासायला वापरा. श्रावण लागला की नागपंचमीच्या आत दुकान उघडा. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र हे लागोपाठचे सण मिळाले तर स्वेटरचं गिऱ्हाईक यायच्या आधी भाड्याचे पैसे निघालेले असतात.